मधला बॉल

"श्वास आत घे," मामा म्हणाला आणि त्याने माझ्या कमरेला दोरीची गाठ आवळली.

दोरी कपडे वाळत घालायची होती, निळ्या नायलॉनची. तिचं दुसरं टोक घेऊन तो जुईलीकडे गेला. "बेटा, आधी जर्किनची चेन लाव, नाहीतर टोचेल," असं म्हणत त्याने तिच्याही कमरेला तशीच गाठ मारली. आता आम्हा दोघांमध्ये सहा फूट दोरी होती. जानेवारीची सकाळ होती, नाशिकची थंडी होती आणि मामाच्या सोसायटीतल्या पिकलबॉलच्या कोर्टाकडेला माझी आई शालीत गुरफटून, मोबाइल समोर धरून आमचा व्हिडिओ काढत होती.

"लग्नाला अजून बारा दिवस आहेत रे सुधा, गाठ आत्ताच बांधतोस का?" आई म्हणाली.

सगळे हसले. जुईली हसली. मीही हसलो. त्या महिन्यात मी फार हसत होतो.

माझा सुधामामा कारखान्याच्या टूलरूममध्ये छत्तीस वर्षं काढून निवृत्त झाला होता. निवृत्तीनंतर माणसं देवधर्माला लागतात, मामा पिकलबॉलला लागला. सोसायटीचं पडीक बॅडमिंटन कोर्ट त्याने स्वतः टेप धरून मोजलं, रेषा स्वतः रंगवल्या, जाळीची उंची मधोमध चौतीस इंच आहे की नाही ते रोज सकाळी पट्टीने तपासलं. हातात लहान पोळपाटाएवढं पॅडल आणि भोकं असलेला प्लॅस्टिकचा बॉल. त्यात एवढं शिकण्यासारखं काय आहे, असं मी एकदा विचारून बसलो होतो. त्याचं उत्तर मामा तेव्हापासून देतच होता.

खरं तर आम्ही केळवणाला आलो होतो. मुलाचं केळवण मुलाकडच्यांनी करायचं, मुलीचं मुलीकडच्यांनी, पण मामाने हट्ट धरला की जोडीनेच या. म्हणून ठाण्याहून पहाटे निघून आई, मी आणि जुईली असे तिघं आलो होतो. जुईलीचे आई-बाबा पत्रिका वाटण्यात अडकले होते. म्हणजे त्या दिवशी तिथे तिच्या बाजूचं कुणीही नव्हतं.

"हे बघा," मामा आमच्यासमोर उभा राहून म्हणाला, "डबल्समध्ये हात चालायच्या आधी पाय चालले पाहिजेत. जोडीदार डावीकडे सरकला की आपणही डावीकडे. तो पुढे गेला की आपण पुढे. एक पुढे आणि एक मागे असं उभं राहिलात की संपलात. मधली फट वाढली तर दोरी सांगेल. कळलं?"

"कळलं," जुईली म्हणाली.

"आता सगळ्यात महत्त्वाचं. मधला बॉल. दोघांच्या बरोबर मध्ये आलेला बॉल कुणाचा?"

मी म्हणालो, "ज्याच्या जवळ असेल त्याचा."

"चूक! तिथेच जोड्या मरतात. मध्ये आलेला बॉल डावीकडे जो उभा असतो त्याचा. कारण त्याचा सरळ हात मध्ये येतो, उजवीकडच्याचा उलटा. तू डावीकडे आहेस. म्हणजे मधला बॉल तुझा. तिने त्याकडे बघायचंसुद्धा नाही. आणि घेताना ओरडून सांगायचं, माझा! म्हणजे तिला कळेल."

"हो."

"ओरडून दाखव."

"माझा," मी म्हणालो.

"अरे, भाजीवाल्याकडे सुटे मागतोयस का? ओरड!"

मी ओरडलो. आईने तेही रेकॉर्ड केलं.

समोर बेंडाळे काका-काकू होते. मामाचे शेजारी, दोघंही पासष्टीच्या पुढचे, काकूंच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे. मामाच्या मते नाशिकमध्ये त्यांच्यासारखी जोडी नव्हती. "नीट बघ," तो माझ्या कानाशी म्हणाला, "एक शब्द बोलत नाहीत. आणि एक बॉल सोडत नाहीत."

पहिलाच बॉल काकूंनी आमच्या दोघांच्या मधोमध टाकला. मी जुईलीकडे बघितलं, जुईलीने माझ्याकडे. बॉल आमच्या मधून टप्पा घेऊन मागच्या कुंपणाला जाऊन लागला.

"हेरंबा!" मामा ओरडला.

"मला वाटलं ती घेईल."

"मी कशी घेऊ? तुझा होता," जुईली म्हणाली. आवाजात राग नव्हता.

काकूंनी आमचं मर्म ओळखलं होतं. दुसरा मध्ये, तिसरा मध्ये. माझे पाय हलायचे, हात उचलला जायचा, आणि नेमक्या त्या क्षणी मला वाटायचं, ती निघाली असेल तर? आपण मध्ये घुसलो तर तिला लागेल. तिला काय वाटेल? एवढ्यात बॉल गेलेला असायचा. एकदा आम्ही दोघंही एकाच वेळी विरुद्ध बाजूंना सरकलो आणि दोरीने एकमेकांना ओढलं.

"काय, सौजन्य सप्ताह चाललाय का तुमचा?" मामा वैतागला. "आपण घ्या, नाही आपण घ्या!"

आई हसून हसून लाल झाली होती. "किती सांभाळतायत बघ एकमेकांना," ती मामीला म्हणाली.

मला हे लग्न करायचं नव्हतं. हे मला साखरपुड्यानंतर आठवड्याभरात कळलं होतं. कारण विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. जुईलीत काही खोट नव्हती. ती शाळेत भूगोल शिकवायची, नीटनेटकं बोलायची, आईशी तिचं छान जमलं होतं. पण आम्ही दोघंच कुठे बसलो की पाच मिनिटांत बोलणं आटायचं, आणि मग आम्ही हॉलच्या पार्किंगवर बोलायचो. एकदा हॉटेलात आम्ही मेन्यूकार्ड दोनदा वाचलं. घरी येताना माझ्या छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं होतं, आणि पुढची चाळीस वर्षं हे असंच, असा विचार आला की घाम फुटायचा.

पण सांगणार कुणाला? बाबा गेल्यापासून आई पहिल्यांदा एवढी आनंदात होती. पत्रिका छापून झाल्या होत्या. मामाने नाशिकहून बस ठरवली होती. प्रत्येक जण माझ्यासाठी काहीतरी करत होता, आणि ते करता करता माझ्या भोवती एकेक वीट रचत होता. मी जुईलीसाठी मोबाइलवर एक मेसेज टाइप केला होता, "जुईली, आपण थांबूया का? मला वाटतं आपण दोघंही". तिथेच थांबलो होतो. पुढचं वाक्य सुचत नव्हतं, आणि पाठवायचं बटण दाबायला अंगठा धजत नव्हता. तो मेसेज दोन महिने तसाच पडून होता. मी रोज तो उघडायचो आणि बंद करायचो.

पाणी प्यायला थांबलो तेव्हा बेंडाळे काकू आमच्या बाजूला येऊन बसल्या. दोरीमुळे आम्हाला एकाच बाकावर बसणं भाग होतं.

"काकू, तुम्ही दोघं न बोलता कसं काय खेळता?" जुईलीने विचारलं. "कुणाचा बॉल ते कसं कळतं?"

"अगं, न बोलायची सवयच आहे," काकू गुडघ्याचा पट्टा सैल करत म्हणाल्या. "आम्ही घरीपण कुठे बोलतो? बावीस वर्षं झाली असतील. भाजी काय करू, तेसुद्धा मी विचारत नाही. जे करते ते ते खातात."

जुईलीला वाटलं काकू गंमत करतायत. ती हसली. काकू हसल्या नाहीत.

"भांडण वगैरे झालं होतं का?" तिने हळूच विचारलं.

"छे गं. भांडायलासुद्धा काहीतरी लागतं ना. आधीपासूनच नव्हतं काही. मला लग्नाआधीच कळलं होतं. त्यांनाही कळलं असणार. पण कोण बोलणार आमच्या वेळी?" त्यांनी पट्टा पुन्हा घट्ट केला आणि उठल्या. "चला, उन्हं वर आली. एक शेवटचा गेम."

मी बाटलीचं झाकण लावत होतो. ते आटे चुकून तिरकं बसत होतं, मी पुन्हा उघडून पुन्हा लावत होतो. जुईली माझ्याकडे बघत होती. मी वर पाहिलं नाही.

शेवटच्या गेममध्येही आम्हाला एक पॉइंट मिळेना. जुईलीने सर्व्हिस केली, काकांनी परत टाकली, मी कशीबशी पलीकडे ढकलली आणि काकूंनी आपल्या ठरल्या जागी, बरोबर मधोमध, बॉल मारला. मी थांबलो.

"माझा!"

जुईलीने उलट्या हाताने तो बॉल घेतला. माझ्या अंगावर येऊन, मला खांद्याने बाजूला सारून घेतला. दोरीला हिसका बसला, मी धडपडलो, आणि बॉल बेंडाळे काकांच्या पायाशी जाऊन पडला. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा बॉल बघितल्यासारखं त्याच्याकडे बघितलं.

"वा!" मामा नाचायलाच लागला. "पॉइंट! पण बेटा, बॉल त्याचा होता."

"माहीत आहे मामा," ती म्हणाली. तिला धाप लागली होती.

मघाशीच वर गेलेल्या मामीने जेवायची हाक मारली. मामा गाठ सोडायला आला आणि सुटेना. सकाळभराच्या ओढाताणीने नायलॉन नुसतं आवळत गेलं होतं. त्याने नखांनी, पॅडलच्या कडेने, किल्लीने प्रयत्न केला.

"कात्री आणतो."

"कात्री नको!" आई ताडकन उठली. "लग्नाच्या तोंडावर बांधलेली गाठ कापतात का? भलतंच काहीतरी. जेवून घ्या, मग मी निवांत सोडवते."

"अशीच बसू देत पाटावर," बेंडाळे काकू म्हणाल्या. "छान दिसतील."

लिफ्ट लहान होती. आम्ही दोघंच आत शिरलो, बाकीचे पुढच्या फेरीसाठी खालीच थांबले. दार लागलं. तीन मजल्यांचा प्रवास. दोरीची गुंडाळी मी हातात धरली होती.

"हेरंब," जुईली समोरच्या दाराकडे बघत म्हणाली, "तुला काही बोलायचंय का?"

सांगण्यासारखी याहून चांगली जागा, याहून चांगली वेळ मिळणार नव्हती, हे मला त्या क्षणीसुद्धा कळत होतं.

"नाही," मी म्हणालो. "तुला?"

तिसरा मजला आला.

मामीने जीव ओतून बेत केला होता. पाटाभोवती रांगोळी, पानाभोवती महिरप, वालाचं बिरडं, कोलंबीचं कालवण आणि खाजाचे कानवले. आम्ही दोघं शेजारी-शेजारी पाटावर, मध्ये जमिनीवर निळ्या दोरीचं वेटोळं. औक्षण झालं. जुईलीने दोन घास खाल्ले असतील नसतील.

"आता नावं घ्या," मामी म्हणाली. "पुढचा घास नावाशिवाय गिळायचा नाही. हेरंब, तू आधी."

आईने मला गाडीतच एक उखाणा पाठ करायला लावला होता. माझ्या तोंडून तो गुळगुळीत बाहेर आला.

"नाशिकच्या थंडीत वाफाळता चहा, जुईलीचं नाव घेतो, सगळे निवांत बसून राहा."

टाळ्या पडल्या. मामाने शिट्टी मारली. "आता सूनबाई!"

जुईली माझ्याकडे वळली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि बघतच राहिली. मामी म्हणाली, "अगं, लाजतेस काय?" आईने मोबाइल सरसावला. मी माझ्या पानातला कानवला मोडत होतो.

मग तिने हात ताटाबाहेर काढून मांडीवर ठेवला.

"मामी, रागावू नका. मी नाव नाही घेऊ शकत. मला हे लग्न नाही करता येणार."

कुणीतरी अर्धवट हसलं. मामाच असावा.

"मी आधी बोलायला हवं होतं," ती म्हणाली. "हेरंबचा यात काही दोष नाही. तुम्हा कुणाचाच नाही. चूक माझी आहे. आई, मला माफ करा."

आईच्या हातातला मोबाइल अजून तसाच वर होता. तिने तो सावकाश खाली घेतला. "अगं, काय बोलतेस तू हे? कशाबद्दल? भांडलात का तुम्ही?" ती माझ्याकडे वळली. "हेरंब, काय झालं?"

"काही नाही."

"तुला माहीत होतं हे?"

"नाही," मी म्हणालो.

ते खरंच होतं. तिच्या मनातलं मला माहीत नव्हतं. पण माझ्या मनात काय होतं ते आईने विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. माझ्या छातीवरचा दगड त्या क्षणी उतरला होता, अगदी हलकं वाटत होतं, उठून नाचावं असं वाटत होतं. आणि मी पानाकडे बघत, मार खाल्लेल्या माणसासारखा चेहरा करून बसलो होतो.

जुईली उठली. दोरीने मलाही उठावं लागलं. सगळ्यांसमोर आम्ही दोघं तसे उभे होतो, अन्नाच्या पानांवर. मग मामी आत गेली, कात्री घेऊन आली आणि कुणालाही न विचारता आधी तिच्या कमरेची दोरी कापली, मग माझ्या.

"बसस्टँडवर सोडून ये तिला," मामा भिंतीकडे बघत मला म्हणाला. "एकटी आलीय बिचारी. आपल्या घरी आलीय."

रिक्षात आम्ही दोन कडांना बसलो होतो. ठाण्याची बस लागलेली होती. तिने तिकीट काढलं, परत आली आणि पायरीपाशी थांबली.

"थँक यू," मी म्हणालो.

"तुझा मेसेज मी पाहिला होता, हेरंब."

"कुठला?"

"साड्यांचे फोटो दाखवत होतास तेव्हा. चॅटच्या यादीत माझ्या नावाखाली तुझं अर्धवट लिहिलेलं दिसत होतं. आपण थांबूया का." ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती. "मला इतकं बरं वाटलं होतं! म्हटलं, सुटलो. हा बोलेल. तुझं घर, तुझी माणसं, तू बोललास तर कुणी तुला खाणार नाही. मी बोलले तर माझ्या बाबांचं काय होईल, ते तुला कळतंच. म्हणून मी थांबले. दोन महिने रोज रात्री फोन हातात धरून झोपायचे. आज पाठवेल, उद्या पाठवेल."

कंडक्टरने घंटी मारली.

"आज मी मोजले. नऊ बॉल सोडलेस तू."

"जुईली, मी..."

"घरी खरं सांगशील? एवढंच सांग की तुलाही नको होतं. मग माझ्या एकटीवर येणार नाही."

"हो," मी म्हणालो. "आत्ता जाऊन सांगतो."

आणि मी सांगणार होतो. रिक्षात मी वाक्य जुळवलं होतं, एकदा मोठ्याने म्हणूनही बघितलं होतं. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं.

मामाच्या घरी पानं तशीच होती. बेंडाळे दांपत्य निघून गेलं होतं. आई डोळ्यांना पदर लावून बसली होती, मामी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी दारात दिसताच मामाने येऊन मला मिठी मारली. मामाने मला लहानपणानंतर कधी मिठी मारली नव्हती.

"शांत हो बाळा," तो म्हणाला. "तुझं काही चुकलेलं नाही."

"एवढ्या चांगल्या मुलाला!" आई म्हणाली. "असं काही नसताना कुणी मोडतं का? दुसरीकडे कुठेतरी असणार तिचं. नक्कीच. तुला काही जाणवलं होतं का रे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सगळ्यांच्या डोळ्यांत माझ्यासाठी पाणी होतं. वाक्य तयार होतं.

"असेल," मी म्हणालो.

त्या एका शब्दाला आता आठ वर्षं होतील. आईने तो रात्रीपर्यंत ठाण्याला फोनवरून पोचवला आणि तिथून तो जिथे जिथे पत्रिका गेल्या होत्या तिथे तिथे गेला. माझं वर्षाच्या आत लग्न ठरलं. जुईलीचं पुढे काय झालं ते मी कुणाला विचारलेलं नाही. मी अजून पिकलबॉल खेळतो, पण उजवीकडे उभा राहूनच. कुणी विचारलं तर सांगतो, माझा उलटा हात चांगला आहे.

नाशिकहून आल्यावर तिसऱ्या दिवशी तिचे बाबा आमच्याकडे आले होते. साखरपुड्याची साडी, अंगठी, सगळं पिशवीत घालून घेऊन आले होते. ते बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी माझ्या आईसमोर हात जोडले आणि म्हणाले, "वहिनी, मुलीने आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. हेरंबरावांचीही माझ्या वतीने क्षमा मागा." मी आतल्या खोलीत होतो. दार उघडंच होतं.